जरा पुढे घ्या

केमोच्या तिसऱ्या डोसानंतर तिला माणसांचा वास सहन होईनासा झाला.

वासांना नाक मुरडणारी बाई नव्हती ती. कोर्टासमोरच्या गल्लीत तिची लाँड्री होती आणि सव्वीस वर्षं ती परक्यांचे घामेजलेले कपडे नाकाशी नेऊन डाग कशाचा ते ओळखत आली होती. तेल, रक्त, शाई, ओकारी, तान्ह्या पोराने काढलेलं दूध. वकिलांचे काळे कोट तर काखेत असे आंबलेले यायचे की इस्त्रीवाले मामा ते दोन बोटांत धरून म्हणायचे, "बाई, हा कोट धुवायचा की पुरायचा?" ती हसायची आणि डागाला औषध लावायला घ्यायची. शी म्हणून तिने कधी कुणाचा कपडा परत केला नाही.

आणि आता नवरा बाल्कनीचं दार ढकलून आत आला की तिच्या पोटातलं सगळं घशाशी यायचं. सिगारेट. तीस वर्षं त्या वासाशेजारी झोपली ती. गाठ मात्र निघाली तिच्या फुप्फुसात, उजव्या बाजूला, वरच्या भागात. त्याची छाती ठणठणीत. तिने सर्जनबाईंना सरळ विचारलं होतं, "ह्यांच्या धुरामुळे का?" बाई म्हणाल्या, कुणा एकाच्या बाबतीत असं एका कारणावर बोट ठेवता येत नाही. नवऱ्याने तेवढं वाक्य जपून घरी आणलं आणि पायातले बूट काढायच्या आत तो बाल्कनीत गेला.

तो कोर्टात कारकून. साहेबांच्या खालच्या टेबलावर बसून लोकांना पुढच्या तारखा द्यायच्या, हे त्याचं काम. वकील तोंडावर त्याला भाऊसाहेब म्हणत आणि पाठ वळली की तारीखराव. ते त्याला ठाऊक होतं. त्याला त्याचा राग यायचा नाही, उलट थोडा मानच वाटायचा. एखादं भांडण तारखा देत देत पंधरा वर्षं कसं नेलं, हे तो जेवताना कौतुकाने सांगायचा. ज्या म्हाताऱ्याने दावा लावला तो मेला, त्याचा मुलगा म्हातारा झाला, तरी फाइल जिवंत. असल्या माणसाच्या हातात आपला जीव देऊ नये एवढी अक्कल तिला पहिल्या दिवशीच यायला हवी होती. पण तीस वर्षांच्या सवयीने तिच्या फॉर्मवर 'संपर्कासाठी' म्हणून फोन नंबर त्याचाच लिहिला गेला. तिने स्वतःच लिहिला.

पहिल्या भेटीत सर्जनबाईंनी समजावून सांगितलं होतं. काटकुळ्या, तुटक बोलणाऱ्या बाई, हातात पेन्सिल. "गाठ मोठी आहे. साडेपाच सेंटिमीटर. शेजारची एक ग्रंथीही बाधलीय. आत्ताच कापायला घेतलं तर जास्त कापावं लागेल आणि तरी थोडं मागे राहील. म्हणून आधी औषध, तीन डोस, दर तीन आठवड्यांनी एक. गाठ आकसेल. इकडेतिकडे काही बारीक उडालं असेल तर तेही मरेल. मग मी ऑपरेशन करून तो भाग नीट काढेन."

"म्हणजे डागाला आधी औषध लावून सैल करायचं," ती म्हणाली, "आणि मग मशिनीत घालायचं."

"अगदी तसंच."

"पण मग मध्ये वाळू द्यायचं नाही. सैल केलेला डाग वाळला तर पुन्हा हलत नाही."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "नाही द्यायचं. शेवटच्या डोसानंतर तुमच्या रक्ताला सावरायला चार आठवडे. फार तर सहा. त्यापलीकडे मला चालणार नाही. औषधातून जे वाचतं ते चिवट असतं."

नवरा शेजारी बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

ते तीन डोस कसे गेले ते तिचं तिला माहीत. लोक सांगतात, बाई शूर होती, हसत होती. कसली हसते! मोरीच्या जाळीत केसांचा बोळा अडकायचा आणि तो तिलाच उपसावा लागायचा, कारण नवऱ्याला किळस यायची. तोंडात कुणी लोखंडी चावी ठेवल्यासारखी चव. जिभेवर फोड. लघवीला रसायनाचा वास, तो तर तिला दुकानातल्या पिंपांसारखाच वाटायचा. आणि ह्या सगळ्यावर माणसं. माणसं यायची, पलंगाच्या टोकाशी बसायची, तिच्या टोपीकडे बघायची आणि मान हलवायची. येताना फळं आणायची आणि बोलता बोलता स्वतःच खायची. एक जण तर रडून गेला आणि जाताना लाँड्रीची जागा पुढेमागे विकायची झाली तर सांगा म्हणाला.

दुसऱ्या डोसाच्या आठवड्यात मोठी नणंद दोन बॅगा घेऊन मदतीला आली. मदत म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर बोलणं. आवाज असा की भिंतीने तो अडवायचा प्रयत्नच सोडून दिलेला.

"आधी केमो देतात म्हणजे काय ते आम्हाला कळतं हो," नणंद फोनवर सांगत होती. "कापण्यासारखं काही राहिलं नाही की बाटल्या लावतात. शेवटचं आहे. भाऊला सांगवत नाही. माझा भाऊ अगदी खंगलाय."

भाऊ! आजार हिला आणि खंगला तो.

"वन्सं," ती आतून म्हणाली, "मी जिवंत आहे. आणि जागी आहे."

"अगं, तुझं नाही गं, दुसऱ्याच कुणाचं सांगत होते."

तिसऱ्या डोसानंतर पुन्हा फोटो काढले. साडेपाचाची सव्वादोन झाली होती. ग्रंथीही साफ दिसत होती. सर्जनबाई प्रथमच मोकळ्या हसल्या आणि त्यांनी तारीख दिली. डोसानंतर बरोबर चार आठवड्यांनी येणारा मंगळवार. ती घरी आली, नणंदेने रिपोर्ट उलटासुलटा धरून पाहिला आणि एका क्षणात तिची शेवटची स्टेज रद्द झाली.

"बघ! गेलीच की! मी म्हणतच होते. आता कशाला कापाकापी? चिरलं की हवा लागते, आणि हवा लागली की पसरतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचं तेच झालं. पोट उघडलं, हवा लागली, महिन्याभरात गेल्या."

"फुप्फुसाला हवा लागते, वन्सं? फुप्फुसात आणखी काय भरलेलं असतं?"

"ती वेगळी हवा," नणंद म्हणाली.

तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. नवरा मात्र हसला नाही. तो बहिणीकडे बघत होता, साहेब काय निकाल देतात म्हणून कारकून बघतो तसा. ते तिने पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं. हे तिला नंतर फार लागलं.

रविवारी तिने ठरवलं की नऊ दिवसांवर असलेल्या त्या मंगळवारपर्यंतसुद्धा थांबायचं नाही. तब्येत सावरली होती, रक्ताचा रिपोर्ट बरा होता, आणि घरात नणंदेची हवा रोज जास्त सुटत होती. घसा बसलेला, म्हणून नवऱ्याला म्हणाली, "अहो, उद्या तेवढा दवाखान्यात फोन लावा. मला जरा पुढे घेता येतंय का विचारा."

सव्वीस वर्षं तिच्या काउंटरवर रोज कुणीतरी हेच म्हणायचं. बाई, माझं जरा पुढे घ्या, उद्या मुलाखत आहे. बाई, हा कोट पुढे घ्या, परवा निकाल आहे. पुढे घ्या म्हणजे रांगेतून उचला, आधी करा. मामा त्या कपड्याला लाल चिठ्ठी टाचायचे. त्या दुकानात ह्या शब्दाचा दुसरा अर्थच नव्हता.

सोमवारी संध्याकाळी नवरा म्हणाला, "झालं तुझं काम. पुढे घेतलंय."

"कधीचं?"

"ते कळवतील." आणि तो बाल्कनीत गेला.

एक दिवस वाट पाहिली. बुधवारी सकाळी ती मामांना घेऊन रिक्षाने दवाखान्यात गेली. नणंद मागून ओरडत होती, असली तब्येत घेऊन कुठे निघालीस.

तारखांच्या खिडकीतल्या मुलीने स्क्रीन पाहिला. "तुमची तारीख पाच आठवड्यांनी पुढे गेलीय ना. तुम्हीच मागून घेतलीत."

"मी?"

"इथे लिहिलंय. रुग्णाच्या इच्छेवरून. सोमवारी अकरा दहाला फोन आला होता, तुमच्या मिस्टरांचा. तुमचा मंगळवार दुसऱ्या पेशंटला दिला आम्ही."

ती खिडकीची कडा धरून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं नाही. आली ती किळस, पोटातून, डोसानंतर यायची तशी, पण औषध तर केव्हाच उतरलं होतं. मामा म्हणाले, "बाई, बसा." ती म्हणाली, "मामा, बसून बसूनच हे झालंय," आणि सर्जनबाईंचं दार वाजवायचे कष्ट न घेता आत शिरली.

सर्जनबाईंनी सगळं ऐकलं. त्यांचे ओठ बारीक झाले. "मी दोन दिवस बाहेर होते. आज आल्यावर पाहिलं, तर मला वाटलं तुम्ही घाबरलात. गाठ लहान झाली की लोकांना वाटतं, आता निभावलं. शेवटच्या डोसापासून नऊ आठवडे झाले असते. मी आज तुम्हाला फोन करणारच होते."

"कुणाच्या नंबरवर?"

बाईंनी फॉर्म पाहिला. नवऱ्याचा नंबर.

"तुमचा मंगळवार दुसऱ्याला गेला," बाई म्हणाल्या. "पण त्याच आठवड्यात शुक्रवारी एक केस बहुधा होणार नाही, त्यांना ताप आहे. चार वाजेपर्यंत कळेल. मिळालं तर घेणार?"

"आत्ता कापा म्हणालात तरी आडवी होते."

"आज रक्त देऊन जा. आणि तो नंबर बदला."

तिने नवऱ्याचा नंबर खोडला, एवढ्या जोराने की कागद फाटला. मग स्वतःचा लिहिला.

रक्त देऊन ती घरी गेली नाही. रिक्षा दुकानापाशी थांबवून मामांना ते उघडायला सांगितलं आणि स्वतः रस्ता ओलांडून कोर्टात शिरली. त्या इमारतीत ती कधी आत गेली नव्हती. कोट तिच्याकडे यायचे, ती कोटांकडे जात नसे. लांबच लांब बोळ, भिंतींना खांद्याएवढ्या उंचीवर तेलकट काळा पट्टा, टेकून टेकून वाट पाहणाऱ्यांनी पाडलेला. बाकांवर फायली उराशी धरून बसलेली माणसं. एका बाईच्या मांडीवर मूल झोपलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर कसलाही प्रश्न उरला नव्हता. ह्या सगळ्यांना त्याने तारखा दिल्या असतील, असं तिच्या मनात आलं.

तो टेबलाशी होता. समोर चारपाच काळे कोट. "भाऊसाहेब, जरा पुढची द्या ना, अशील गावाला गेलंय," एक जण म्हणत होता, आणि तो डायरीची पानं चाळत होता, पानं फाटू नयेत अशी काळजी घेत. इतक्या हळुवारपणे त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला होता का कधी? ठेवला होता. पहिल्या डोसाच्या वेळी ठेवला होता. ते आठवून तिचा राग आणखीच वाढला.

"किती आठवड्यांनी देताय ह्यांना?" तिने विचारलं.

त्याने वर पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की चूक वगैरे काही झालेली नाही.

"अगं, तू इथे कशी? घरी चल. घरी बोलू."

"पाच आठवडे. माझी पाच आठवड्यांनी का पुढे ढकलली?"

कोट तिच्याकडे वळले. त्यातले दोन तिच्या ओळखीचे होते. एकाच्या कॉलरवरचा शाईचा डाग तिनेच काढला होता.

"तूच म्हणालीस ना पुढे घ्या," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी तुझाच शब्द सांगितला त्यांना. तारीख पुढे घ्या. सगळं जग त्याला पुढेच म्हणतं."

"मी तारीख म्हणाले नाही. मला पुढे घ्या म्हणाले. आमच्या काउंटरवर पुढे घ्या म्हणजे काय असतं, हे तुम्हाला तीस वर्षांत कळलं नाही?"

"इथे पुढे म्हणजे..."

"इथे पुढे म्हणजे कधीच नाही. ठाऊक आहे मला. पण मी इथलं बोलत नव्हते. आणि तुम्हाला कळलं होतं."

त्याने डायरी मिटली. मग जे व्हायला नको होतं ते झालं. त्याचे डोळे भरले. "ताई म्हणाली, गाठ गेलीच आहे, थोडं थांबून बघू. टेबलावर जाऊन परत आली नाहीस तर? मला भीती वाटली गं. मी काय करणार होतो एकटा?"

कुणा दुसरीला इथे दया आली असती. एका कोटाला आलीच, त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला फक्त तो ओला चेहरा दिसला, आणि त्याच्यामागचा तो मनुष्य. ती मरेल ह्याची त्याला भीती नव्हती. आपल्या देखत, आपल्या सहीने, ठरलेल्या दिवशी मरेल ह्याची होती. हळूहळू, तारखेतारखेने मेली असती तर चाललं असतं. त्याची सवय होती त्याला.

"भीती मला वाटायची होती," ती म्हणाली. "माझी भीती होती ती. तीसुद्धा तूच घेतलीस?"

तीस वर्षांत ती पहिल्यांदा एकेरीवर आली होती. तिला वाटलं होतं जीभ अडखळेल. नाही अडखळली.

"लोक बघतायत," तो म्हणाला.

"बघू दे. लोकांना तुझ्यासमोर बसून बघायचीच सवय आहे."

एका म्हाताऱ्या वकिलाला खोकल्यासारखं हसू फुटलं आणि त्याने ते रुमालात दाबलं. ती तिथून बाहेर पडली, आणि बोळाच्या टोकाशी असलेल्या बेसिनमध्ये खरोखरच ओकली. हिरवट पाणी. तोंड धुताना तिला बरं वाटलं. इतके दिवस औषधाने ओकत होती, आज निदान कारणाने ओकली.

चार वाजायला दहा मिनिटं असताना फोन आला. शुक्रवार मिळाला होता.

घरी तिने नणंदेच्या दोन्ही बॅगा दारात नेऊन ठेवल्या. नणंद म्हणाली, "अशा वेळी घरात बाईमाणूस नको का?" ती म्हणाली, "वन्सं, बाईमाणूस हवं आहे. म्हणून तर तुम्हाला जा म्हणतेय." नणंदेने भावाला हाक मारली. भाऊ आतून आला नाही. त्याच्या बाजूने हे एवढंच सांगता येईल, की आला नाही.

मधले दिवस दोघं एका घरात राहिली. तो बोलायला आला की ती नाकावर रुमाल धरायची. त्याने सिगारेट सोडली की नाही तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. गुरुवारी संध्याकाळी ती दवाखान्यात दाखल व्हायला निघाली तेव्हा तो पिशवी उचलून मागे मागे आला. तिने नको म्हटलं नाही. पिशवी जड होती.

शुक्रवारी सकाळी सात वाजता सर्जनबाई वॉर्डात आल्या. तिला बसवून त्यांनी उजव्या बरगड्यांवर जाड पेनाने बाण काढला. पेनाचं टोक गार होतं. मग फाइल उघडून त्यांनी विचारलं, "वरचा भाग काढायचा ठरलाय. पण आत गेल्यावर दिसलं की तेवढ्याने भागत नाही, तर उजवं फुप्फुस पूर्ण काढावं लागेल. रक्त, श्वास, तुमचे सगळे रिपोर्ट त्यासाठी पुरेसे चांगले आहेत. पण तेव्हा तुम्ही झोपेत असाल. मी बाहेर कुणाला विचारायचं? बरोबर कोण आलंय?"

काचेपलीकडे बाकावर नवरा बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. तो आत बघत होता आणि त्याचे ओठ काहीतरी पुटपुटत होते.

"बाहेर एक जण आहे," ती म्हणाली. "पण त्याला काही विचारू नका. जे विचारायचं ते आत्ता मला विचारा."

सर्जनबाई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी एकेक करून विचारायला सुरुवात केली.